तीस टोल्यांनंतरची उसंत

अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या भागात, घराला घर खेटून उभ्या असलेल्या एका रांगेत, मधेच एका घराएवढी जागा मोकळी आहे. मोकळी म्हणजे अंगण नाही की बाग नाही, नुसतं पाणी. दोन्ही बाजूंची घरं त्या पाण्याकडे पाठ करून बसलेली. ज्या शहरात जिने इतके अरुंद की कपाट दोराला बांधून खिडकीतून वर चढवावं लागतं, तिथे ही जागा आजवर कोणी मागितलेली नाही. या काठावर बोटी भाड्याने देणारे लेंडर्ट आजोबा पाहुण्यांना सांगतात, की इथे घर झालं नाही कारण इथे तळच लागला नाही. फार पूर्वी एका दुपारी चाळीस माणसांच्या पायाखालचा लाकडी मनोरा इथे बुडाला. माणूस मात्र एकही गेला नाही. आणि हे घडलं म्हणे एका मुलीमुळे, जिच्या भित्रेपणाची अख्खा काठ थट्टा करायचा.

असं सांगतात की आधी इथे नदी होती, चिखल होता आणि कोळ्यांची पाचपन्नास घरं होती. नदीला बांध घातला. बांधाशी बाजार भरू लागला, बाजाराला गलबतं आली, गलबतांतून माणसं आली आणि आलेली माणसं परत गेलीच नाहीत. एक कालवा खणला, त्याच्या काठची घरं भरली, की त्याच्याबाहेर दुसरा. जमीन मात्र तेव्हाही नव्हती. चिखलाखाली चिखल, आणि सात पुरुष खोल गेल्यावर कुठे घट्ट वाळू. म्हणून लांबून पाइनचे सोट आणायचे, शेंडा खाली करून वाळूला टेकेपर्यंत ठोकायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर बांधायचं. या शहराखाली एक अख्खं रान उलटं उभं आहे, असं आजोबा सांगतात, आणि सांगताना पाय हलकेच आपटून दाखवतात.

ठोकायचं काम गाण्यावर चाले. उंच लाकडी मनोरा, त्यातून टांगलेला बैलाएवढा घण, आणि घणाला बांधलेले चाळीस दोर. म्होरक्याने ओळ म्हणायची, मनोऱ्याच्या फळ्यांवर उभ्या चाळीस जणांनी ओढायचं, ओळ संपली की सोडायचं. एक ओळ, एक टोला. खांब वाळूला टेकेपर्यंत गाणं थांबवायचं नाही. मधेच तोडलं तर खांब तिरका जातो आणि त्यावरच्या घरात माणसं नांदत नाहीत, अशी समजूत होती. या काठावरचा म्होरक्या होता बारेंट. बावीस वर्षांत त्याने एकही गाणं तोडलं नव्हतं.

त्याची मुलगी वेंडेला समोरच्या काठावर तिवई टाकून बसे आणि दोर ओढणाऱ्यांचे फाटलेले चामडी हातमोजे शिवे. शाळा शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, पण जीव चिमणीचा. टोला पडला की तिचे खांदे उडत आणि सुई बोटात शिरे. तीन वर्षांत लाखभर टोले पडले असतील, तिला एकाचीही सवय झाली नाही. कालव्यापलीकडून बारेंटला ते उडणारे खांदे दिसत. टोला नीट बसला, हे त्याला कधीकधी त्यांच्यावरूनच कळे. पण असलं कोणी कोणाला सांगत नाही, त्यानेही सांगितलं नव्हतं.

तिने कामात तीनदा हाका घातल्या होत्या. एकदा दोराला आग लागली म्हणून. ते ऊन होतं. एकदा माणूस पडला म्हणून. ती कोणाची तरी टोपी होती. तिसऱ्या वेळी तर काय दिसलं तेही तिला धड सांगता येईना. गाणं थांबलं नाही, पण चाळीस जण हसले, आणि हसणाऱ्यांच्या हातून दोर सुटतात. त्या संध्याकाळी बारेंटने तिच्याकडून शपथ घेतली. गाणं चालू असताना हाक मारायची नाही. मेलेल्या आईच्या नावाने तिने ती घेतली.

मग ही जागा आली. तटाबाहेर राहुट्यांत माणसं दाटली होती आणि गारठ्याआधी ही रांग उभी व्हावी अशी नगरसभेची घाई होती. इथे खांब लवकर टेकू लागले. इतरांच्या निम्म्या वेळात. सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेलाने एक हातमोजा शिवून पुरा केला आणि बोटं पाहिली, तर त्यांवर एकही टोचा नव्हता. तिला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, टोले तर पडतच होते. तिने सुई खाली ठेवली आणि कान दिला. आवाज मोठा होता, पण त्याला हाड नव्हतं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मग तिने कालचे खांब पाहिले. एका ओळीत कापलेली डोकी, पण मधली तीन डोकी बोटभर खाली होती.

भाकरीची सुट्टी झाली तशी ती पूल ओलांडून गेली आणि घणाचा आवाज मऊ लागतोय असं म्हणाली. दोर ओढणाऱ्यांतला योरिस बोलायला पुढे.

“कालपर्यंत तू म्हणायचीस आवाज फार मोठा, आज म्हणतेस मऊ. भागूबाई, तुला पसंत पडेल असा घण कुठल्या गावी मिळतो ते तरी सांग.”

खांबांचं सांगितलं तर म्हणाला, रविवारची उतरली नसेल त्यांची, म्हणून खाली बसलेत. सगळे हसले. बारेंट हसला नाही, पण त्याने खांबांकडे पाहिलंही नाही. शपथ लक्षात आहे ना, एवढंच त्याने विचारलं, आणि मनोरा मधल्या जागी सरकवायला सांगितलं.

त्या जागी काय होतं ते पुढे कळलं. कोळ्यांच्या काळातलं ते खोल तळं होतं. शहर वाढताना त्यात विटांचे तुकडे, राख, मोडक्या होड्या टाकून ते बुजवलं आणि विसरून गेले. खांब वाळूला टेकलेच नव्हते. दुधावरच्या सायीवर उभे होते. आणि आता त्या सायीवर चाळीस माणसं चढली होती.

गाणं सुरू झालं. दहाव्या ओळीला मनोऱ्याचा एक पाय कलला. वरच्या माणसांना ते कळायला मार्ग नव्हता, त्यांचे डोळे घणाकडे. वेंडेलाच्या तोंडात आईचं नाव आलं. तिने ते गिळलं आणि हाक मारली. थांबा म्हणाली. गाण्याने हाक खाल्ली. ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि पुन्हा हाक मारली. या वेळी ती ऐकू गेली, कारण योरिसने ओढता ओढता मान हलवली आणि शेजारचा हसला. काठावरच्या एका बाईने खिडकी लावून घेतली. पाय आणखी कलला.

आजही या काठावर खांब ठोकतात तेव्हा दर तीस टोल्यांनंतर यंत्र बंद करतात आणि एक श्वासभर सगळे गप्प उभे राहतात. पाहुण्यांना वाटतं यंत्र बिघडलं. लेंडर्ट आजोबा सांगतात, बिघडलेलं नाही. कोणी हाक मारत असेल तर ती ऐकू यावी म्हणून ही उसंत आहे. तेव्हा ती नव्हती. तेव्हा चाळीस गळ्यांचं गाणं होतं आणि पाण्यापलीकडे एकटी मुलगी.

तिसऱ्यांदा तिने थांबा म्हटलंच नाही. ओळ संपून घण पडतो तेवढ्या फटीत तिने, असं म्हणतात, सगळा जीव घातला.

“बाबा, मी दचकत नाहीये.”

पुढची ओळ बारेंटच्या ओठांवर आली होती. त्याने पाण्यापलीकडे पाहिलं. घण पडला. मुलीचे खांदे जागचे हलले नाहीत.

त्याने हात वर केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कडवं अर्ध्यावर राहिलं, चाळीस दोर हवेत थांबले, आणि त्या शांततेत त्याचा आवाज कालव्यावरून आला.

“ओ, पोरी. ऐकतोय मी. बोल.”