आजची ओंजळ

भक्तहो, सखानाथ महाराज सावळखेड्याला तळ्याकाठच्या धर्मशाळेत उतरले होते, तेव्हाची ही हकिकत. महाराज रोज सकाळी तळ्यात स्नान करीत आणि बाहेर येताना तळाचा ओंजळभर गाळ काढून बांधावर टाकीत.

तुळसा परटीण रोज हे पाही. एकदा तिने विचारलेच, "महाराज, हे कसलं व्रत?"

महाराज हसून म्हणाले, "व्रत कसलं गं? ज्याच्या घरचं पाणी प्यायचं, त्याच्या घरचा थोडा केर काढला, तर बिघडलं कुठं?"

झाले! त्या दिवसापासून घागर भरली की तुळसाही ओंजळभर गाळ काढू लागली. उपदेश नाही की आज्ञा नाही. रोज बघून बघून हाताला वळणच लागले. तिचे पाहून आळीतल्या बायकाही काढू लागल्या.

गावचे भवानराव देशमुख मात्र चारचौघांत तिची टिंगल करीत. "काय तुळसे, ओंजळीनं तळं उपसतेस होय?"

तुळसा बिचारी मान खाली घालून हसे, पण तिची ओंजळ चुकली नाही.

पुढे दोन वर्षे पाऊस रुसला आणि तळे ठणठणीत कोरडे पडले. उद्या गाव सोडायचे, अशी देशमुखांनी दवंडी पिटवली. महाराज अजून धर्मशाळेतच होते; तुळसा रडतच त्यांच्याकडे धावली.

"महाराज, सासू अंथरुणाला खिळलीय. हलवली तर वाटेतच जाईल हो! तिला टाकून मी कशी जाऊ?"

महाराजांनी विचारले, "बाई, आजची ओंजळ काढलीस का?"

"पाणीच नाही, मग ओंजळ कसली?"

"गाळ आहे ना? जा, काढ."

तिला तळ्याकडे निघालेली पाहून वाटेत देशमुख खो खो हसले. "गाव उठलंय आणि ही केर काढतेय!"

तुळसा तळ्यात उतरली. रोजच्या जागी तिच्या ओंजळींनी खळगा पडला होता. महाराजांचे नाव घेऊन तिने त्यात हात घातला आणि एक ओंजळ उपसली. काय सांगू! खालून झऱ्याचे तोंड मोकळे झाले, पाणी भळाभळा वर आले! पहिली घागर सासूसाठी गेली. म्हातारी घोट घोट प्यायली आणि गाव जागच्या जागी राहिले.

दुसऱ्या दिवशी देशमुख अनवाणी तळ्यात उतरले आणि ओंजळभर गाळ घेऊन महाराजांसमोर आले. हात जोडायला मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी तसेच गुडघे टेकून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. डोळे भरून आले होते. मग ते तिथेच उभ्या असलेल्या तुळसाकडे वळून वाकले.

तुळसा लाजून मागे सरली. "अगोबाई, देशमुख! गाळ सांडतोय की! आधी बांधावर टाका तो."