थ्रॉसडेनच्या पुलावरील मूक शब्द

इंग्लंडच्या उत्तरेस, लँकाशायरच्या डोंगरांच्या कुशीत, थ्रॉसडेन नावाचे विणकरांचे गाव आहे. गावामधून एक खळाळती नदी वाहते, तिच्यावर दगडी पूल आहे, आणि पुलापलीकडे, जिथे आता मेंढ्या चरतात, तिथे एका प्रचंड धुराड्याचे बूड उभे आहे. पुलाचा कठडा एके ठिकाणी हातांच्या स्पर्शाने झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला आहे. जूनच्या आरंभी एका दुपारी सारा गाव तेथे जमतो, एकमुखाने एकच शब्द उच्चारतो, आणि तो शब्द कोणालाही ऐकू येत नाही.

गावातले वयोवृद्ध वाटाडे एनॉख पाहुण्यांना प्रथम त्या कठड्यावर हात ठेवायला लावतात आणि मगच बोलू लागतात. "आमच्या वाडवडलांना कान नव्हते, पाव्हण्यांनो," ते म्हणतात. "नुसते ओठ होते!"

असे सांगतात की, वाफेवर चालणारे माग या खोऱ्यात आले त्याच दिवशी खोऱ्यातले बोलणे बुडाले. पूर्वी घरोघरी हातमाग होते. धोट्याच्या तालावर विणकर गात, भांडत, प्रार्थना म्हणत. मग नदीकाठी पाच मजल्यांची मिल उभी राहिली. गिरणी हा आपला शब्द अधिक देखणा खरा. परंतु येथे मिल असेच म्हटले पाहिजे, कारण या आख्यायिकेचा सारा भार त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आहे. मिलमध्ये शेकडो माग एकदम गर्जत. त्या गर्जनेत शेजारणीचा टाहोही ऐकू येत नसे. तेव्हा विणकरणींनी एक नवी वाणी घडवली: आवाजावाचून, केवळ ओठ ठळकपणे हलवून बोलायचे आणि डोळ्यांनी ऐकायचे. या ओठबोलीत त्या इतक्या तरबेज झाल्या की, नदीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर सासूची निंदा होई आणि मध्ये उभ्या असलेल्या सासूला पत्ता लागत नसे.

एकच उणीव होती. ओष्ठ्य वर्णांना ओठांवर एकच रूप असते. ब म्हणा की म म्हणा, ओठ मिटतात आणि उघडतात. भेद असतो तो नाकावाटे जाणाऱ्या वाऱ्याचा, आणि वारा डोळ्यांना दिसत नाही.

त्या मिलमध्ये केझाया नावाची विणकरीण होती. रविवारच्या प्रार्थनेत तिचा गळा असा लागे की, म्हणे, पलीकडच्या खोऱ्यातले लोक टेकडी ओलांडून तो ऐकायला येत. तिच्यामागे तिची धाकटी बहीण टिली, एवढाच तिचा संसार. टिली पहाटेच्या अंधारात कामाला लागे ती रात्रीच्या अंधारात सुटे. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत. अशीच एकदा डुलकी लागली आणि तिचे केस यंत्राच्या पट्ट्यात ओढले गेले. जीव वाचला, कानामागची बटच्या बट मुळासकट गेली.

स्त्रियांना आणि किशोरांना दिवसाला दहाच तास काम असावे, असे बिल, म्हणजे कायद्याचा मसुदा, त्या काळी लंडनच्या संसदेत झगडत होते. ते फेटाळले गेल्याची वार्ता आली, त्या रविवारी केझाया प्रार्थनामंदिरात उभी राहिली. सर्वांना वाटले, आता ती गाणार. ती म्हणाली, "दहा तासांचं बिल पास होईतो माझ्या गळ्यातून सूर नाही की शब्द नाही. ऐक, देवा; यापुढं ऐकायला मिळायचं नाही!"

आणि ती खाली बसली.

मिलचा मालक क्रॅम्पशॉ याने तिला कामावरून काढले. "आधीच शेकडो मुक्या आहेत माझ्याकडं," तो म्हणाला. "आणखी एक मुकी, आणि तीही हट्टानं? नको." केझाया पुलाखाली लोकर धुऊ लागली. खिडकीतल्या मागावर टिली असे. दोघी बहिणी नदीवरून ओठबोलीत बोलत. "जेवलीस?" "झोपू नकोस गं!" एवढेच, दिवसातून कितीदा तरी.

वर्षे गेली. बिल पुन्हा संसदेत आले. इकडे क्रॅम्पशॉने नवी यंत्रे आणली, त्यांचा धूर मावेना म्हणून जुन्याच पायावर धुराडे आणखी उंच चढवले. गवंडी कुरकुरले, "मालक, कललंय ते." मालक म्हणाला, "तुमची मान कलली असेल."

बातमी डोंगरमाथ्यावरून घोडागाडीने यायची होती. गाडीवानाशी ठरले होते: बिल पास झाले तर गाडीला हिरव्या डहाळ्या बांधून यायचे. डोंगरउतारावरचा तो रस्ता मिलच्या बरोबर मागून, धुराड्याच्या आडून उतरत असे. मिलमधून तो दिसत नसे. दिसे तो फक्त पुलापासून.

जूनच्या त्या दुपारी केझायाने लोकर पिळता पिळता मान वर केली, आणि धुराड्याच्या टोकाशेजारी, आकाशाच्या कडेला, तिला हिरवे काहीतरी हलताना दिसले. गाडी! डहाळ्यांनी मढलेली गाडी! हातातली लोकर नदीत वाहून गेली. ती पुलावर धावली, कठड्यावर हात आपटू लागली, एक बोट धुराड्याच्या दिशेने रोखून सर्व शक्तीनिशी ओठ हलवू लागली: बिल! बिल! बिल! नवस फिटला होता, ती ओरडू शकत होती. परंतु मागांच्या त्या गर्जनेपुढे ओरडून काय उपयोग? इतक्या वर्षांची सवय ओठांनाच होती.

खिडकीत टिलीने पाहिले. आनंदाने वेडा झालेला चेहरा आणि भयाने वेडा झालेला चेहरा दुरून सारखाच दिसतो. तिला दिसली विस्फारलेल्या डोळ्यांची बहीण. तिला दिसले धुराड्याच्या शेंड्यावर रोखलेले बोट. आणि ओठांवर तिने वाचले: मिल! मिल! मिल!

टिली गर्रकन वळली. शेजारणीला ओठांनी म्हणाली, "मिल पडतेय!" शेजारणीने तिच्या शेजारणीला. रांगेमागून रांग, मजल्यामागून मजला, वाऱ्याने गहू लवावा तसा तो शब्द आवाजावाचून सळसळत गेला. माग तसेच धडधडत राहिले आणि माणसे जिन्यांवरून लोटली, अंगणातून धावली, पुलावर येऊन थांबली. धापा टाकीत टिली बहिणीच्या गळ्यात पडली.

मागोमाग क्रॅम्पशॉ, हॅट सावरीत. "चला आत! कोण म्हणालं मिल पडतेय?"

"केझाया म्हणाली, मालक."

"केझाया? जिच्या तोंडून इतक्या वर्षांत हूं की चूं नाही, ती म्हणाली?"

सगळे केझायाकडे वळले. आपल्या शब्दाचे काय झाले ते आता तिला उमगले, आणि इतक्या वर्षांनी तिच्या गळ्यातून आवाज फुटला तो असा: "ब! अगं ब! मी *बिल* म्हटलं, खुळ्यांनो! बिल पास झालं!"

मग हसू, रडू, टोप्या आभाळात. "ऐकलंत ना?" क्रॅम्पशॉ गरजला. "मिल धडधाकट आहे. आत व्हा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!" पुढच्या दोघीतिघींनी खरोखरच पाऊल उचलले. टिलीनेही उचलले.

तेवढ्यात केझाया गाऊ लागली.

इतक्या मौनाने तो गळा गंजला असेल असे सर्वांना वाटले होते. परंतु सांगतात की, तो सूर नदीवर पसरला आणि उचललेली पावले उचललेलीच राहिली. आत माग रिकामेच गर्जत होते, मालक हातवारे करीत होता, आणि एकही माणूस पूल सोडून जाईना. प्रार्थनेचे दुसरे कडवे संपत होते. हिरव्या डहाळ्यांची गाडी पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली होती.

आणि धुराडे वाकले. प्रथम हळूच, कोणाला नमस्कार करावा तसे. मग पाचही मजले फोडीत ते मागांवर कोसळले, आणि त्या खोऱ्यात कैक वर्षांनी प्रथमच नदीचा आवाज ऐकू आला.

एकही माणूस दगावला नाही. काजळीने माखलेला क्रॅम्पशॉ कठड्याला धरून उभा होता. त्याने केझायाला काही विचारले. पण आवाज फुटेना, नुसते ओठ हलले. ओठबोली न शिकलेला गावातला तो एकटा माणूस होता, आणि त्या दिवशी ती बोलला.

पुढे दोघी बहिणी म्हाताऱ्या झाल्या, तरी भांडण मिटले नाही. केझाया म्हणे, "मी ब म्हटलं होतं." टिली म्हणे, "आणि मी म वाचलं, म्हणून तुझं ब ऐकायला मी आहे."

आजही जूनच्या त्या दुपारी थ्रॉसडेनची माणसे पुलावर उभी राहतात. धुराड्याच्या बुडाकडे बोट दाखवतात आणि तो शब्द ओठांनी उच्चारतात. कोणी कोणाला अक्षर विचारीत नाही. तशी रीतच आहे. पाहुणे मात्र विचारल्यावाचून राहत नाहीत. तेव्हा एनॉख कठड्यावर हात ठेवतात, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाहतात, ओठ मिटतात, उघडतात, आणि पुढे चालू लागतात.