देवदाराचा पूल

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावंही पडली नव्हती. अशाच एका डोंगराळ राज्यात एक सुतार राहत होता. लाकडाचा नुसता वास घेऊन तो झाड ओळखायचा.

एकदा राजाने त्याला बोलावलं. "नदीवर पूल बांध. जत्रेच्या आत झाला पाहिजे."

सुतार म्हणाला, "महाराज, पुलाला देवदारच हवा. आणि तोडलेला देवदार दोन वर्षं तरी वाळायला हवा."

राजाच्या कपाळाला आठी पडली. तेव्हा प्रधान सुताराला बाजूला घेऊन म्हणाला, "चिडाच्या झाडाचं वाळलेलं लाकूड ढीगभर पडलंय. तुळया त्याच्या घाल, वरून देवदाराच्या फळ्या ठोक. खाली वाकून कोण बघतंय?"

चिडाचं लाकूड ओलीने आतून कुजतं, हे सुताराला ठाऊक होतं. पण नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

पूल उभा राहिला. भर दरबारात राजाने विचारलं, "किती टिकेल रे?"

सुताराने प्रधानाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "देवदार आहे महाराज. शंभर वर्षं हलणार नाही."

लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं.

त्यानंतर दर वर्षी जत्रेच्या आधी तो पुलाखाली जाई आणि तुळईला पटाशी लावून बघे. पहिल्या वर्षी पटाशी नखभर शिरली. तिसऱ्या वर्षी बोटभर. दर वेळी तो ठरवी, उद्या सांगून टाकू. त्याचा उद्या काही उजाडला नाही.

सातव्या वर्षी त्याला जायला उशीर झाला. जत्रेचाच दिवस होता. पटाशी मुठीपर्यंत आत गेली, लोण्यात जावी तशी.

तो धडपडत वर आला आणि पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला. "थांबा! तुळया देवदाराच्या नाहीत, कुजल्यात! मीच फसवलं तुम्हाला!"

लोक हसले. "आजोबा, शंभर वर्षं म्हणाला होतात. सातच झाली की!"

गर्दीत त्याची लेक होती, कडेवर तान्हं मूल. सुताराने तिचा पदर धरला. "पोरी, जाऊ नकोस."

तिने हळूच पदर सोडवला. "बाबा, तुमच्या हातचा पूल, आणि त्याला मी भिऊ होय? उन्हात उभे राहू नका, घरी जा."

कुजलेलं लाकूड मोडताना फारसा आवाजही करत नाही. पूल मधोमध खचला. खालच्या डोहाला तळ नव्हता. लोक काठावरून हाका मारत राहिले, पण नदीने कुणालाच परत दिलं नाही.

सुताराने दरबारात जाऊन डोकं जमिनीला टेकवलं. "महाराज, गुन्हा माझा आहे. मला सुळावर द्या."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान हळहळला, "गर्दीच्या भाराने पूल खचला, त्यात लेक गेली, महाराज. भ्रम झालाय बिचाऱ्याला."

राजाने त्याच्या खांद्यावर शाल घालून त्याला घरी पाठवलं.

तो पुढे पुष्कळ वर्षं जगला. भेटेल त्याला थांबवून म्हणे, "मी केलं ते." लोक त्याच्या हातावर भाकरी ठेवत आणि पुढे जात.

खोट्याला एकदा आपला शब्द दिला, की खरं सांगायला तो शब्द उरत नाही.