मागे राहिलेले बदक

पूर्वी हेमकूट नगरात राजा कीर्तिसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या एका गावात कुंभाराच्या कुळात जन्मले होते. गावाजवळ एक तळे होते. दर वैशाखात त्याची मोरी उघडून पाणी सोडीत, आणि कुंभार तळची चिकणमाती वर्षभरासाठी काढून घेत. कुंभाराने मागितल्याखेरीज मोरी उघडायची नाही, असा रिवाज होता.

एका वैशाखात तळ्यावर एक बदक दिसले. थंडीतले पाहुणे पक्षी केव्हाच उत्तरेला गेले होते. आणि असे केशरी डोक्याचे, लालभडक चोचीचे बदक तर थंडीतही कोणी पाहिले नव्हते. सारा गाव काठावर लोटला. गावचा मुखिया पुष्कल याने ठरवले, की पाणी सोडायचे, चिखलात बदक धरायचे आणि राजाला नजर करायचे. बक्षिसातला अर्धा वाटा त्याने बोधिसत्त्वांना देऊ केला.

बोधिसत्त्व दोन दिवस काठावर बसून राहिले. बदक पंख फडफडवी, पाण्यावर थोडे धावे आणि पुन्हा खाली बसे. त्याच्या उजव्या पंखाची पिसे मोडली होती. नवी नुकती फुटत होती. हे मुद्दाम इथे आलेले नाही, उत्तरेला जाणाऱ्या थव्यातून मागे राहिलेले आहे, हे त्यांनी ओळखले. यंदा इतक्यात मोरी उघडायची नाही, असे त्यांनी मुखियाला सांगितले. तो रागावून निघून गेला.

बोधिसत्त्वांची पत्नी रेवा म्हणाली, “घरात मूठभर माती नाही. चाक काय रिकामं फिरवायचं?”

“माती कुठे जात नाही, रेवा. पाणी गेलं तर हे बदक मात्र वाचणार नाही.”

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन रेवाच माळावर गेली. माळाच्या भरड मातीत राख आणि भुसा मळून दोघांनी घागरी घडवल्या. निम्म्या भट्टीत तडकल्या, उरलेल्या ओबडधोबड निघाल्या. त्या विकून एका वेळची पेज होई. ती दोघे काठावर बसून पीत आणि बदकाकडे पाहत.

ज्येष्ठ संपता संपता एका सकाळी बदक पाण्यावर धावत सुटले, आणि या खेपेस खाली बसले नाही. तळ्यावर एक फेरी घालून ते उत्तरेला गेले.

“गेलं हो,” रेवा म्हणाली आणि हसली.

त्याच दिवशी बोधिसत्त्वांनी मोरी उघडायला सांगितले. पावसाआधी तीनच दिवस मिळाले. निघाली तेवढ्या मातीत दोघांनी वर्ष काढले, आणि कोणी कोणाला बोल लावला नाही.

एका भिक्षूने आजारी सोबत्याला विहारातून हलवा म्हटले, तेव्हा ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, हलवा म्हणणारा हा भिक्षु तेव्हा पुष्कल होता. तो आजारी भिक्षु म्हणजे ते बदक. त्याची शुश्रूषा करणारी उपासिका ती रेवा, आणि कुंभार मी होतो. दुबळ्याला बळ येईपर्यंत जागा देणे, यालाच करुणा म्हणतात.”