एक जूनच्या शेवया

"पण पवित्र शास्त्रात पंचवीस डिसेंबर लिहिलंय कुठे? एक ओळ दाखवा, गुरुजी!"

शांतवन गुरुजींच्या ओसरीवर उभाच होता. गावच्या चर्चचा नवा पाळक, पुण्याहून शिकून आलेला. चर्चची किल्ली त्याच्या खिशात होती, आणि उद्या नाताळ.

आमोस गुरुजी बांबूच्या कामट्यांची नाताळची चांदणी बांधत होते. वय ऐंशीच्या पुढे. शांतवनला बाराखडी त्यांनीच शिकवलेली.

"नाही लिहिलेलं," ते म्हणाले. "हा दोरा धर."

त्यानं धरला.

"त्या दिवशी रोममध्ये सूर्याचा सण असायचा. तो आपण उचलला म्हणतात. रशियात सात जानेवारी, आर्मेनियात सहा. जगाचं एकमत नाही!"

"गातात मात्र सगळीकडे?"

"गातात ना! खोट्या तारखेला गातात. मी नाही गाणार. उद्या चर्चला कुलूप. कळू दे लोकांना."

"ताण जरा. सैल सोडतोस."

"म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही."

"तुझा जन्म कधीचा रे?"

"एक जून." मग तो ओशाळून हसला. "तुम्हीच लिहिलीत की, शाळेत घालताना."

"निम्म्या वर्गाची तीच लिहिली. तुझी आई एवढंच म्हणाली, बाजरीची काढणी चालू होती, गुरुजी."

"म्हणजे ऑक्टोबर."

"असेल... पण दर एक जूनला ती शेवया करायची. गूळ घालून. मलाही वाटी यायची."

"हो."

"ती जाऊन वर्ष झालं. यंदा एक जूनला काय केलंस?"

"शेवया," तो म्हणाला. "मीच केल्या. करपल्या जरा."

"तारीख खोटी, हे ठाऊक असून?"

"तारखेसाठी नाही केल्या, गुरुजी. तिनं मला जन्म दिला, म्हणून..."

तो मध्येच थांबला. दोरा हातात तसाच.

गुरुजींनी शेवटची गाठ मारली.

शांतवननं किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "उद्या तुम्हीच उघडा. मी कोणत्या तोंडानं उघडू?"

गुरुजींनी ती किल्ली चांदणीच्या टोकाला बांधली आणि चांदणी त्याच्या हातात दिली.

"लवकर उघड," ते म्हणाले. "आणि शेवया मंद आचेवर ठेवत जा."