लिंबाजी कोंबड्या राखतो

“तांबडी माझ्या आईची! आणि बाकीच्या सगळ्या तांबडीच्या पोटच्या. म्हणजे खुराडं अख्खं माझं!” भागूआक्का ओरडली.

“वन्सं, सासूबाईंनी मला तांबडी दिली तेव्हा ते ओंजळीत मावणारं पिल्लू होतं. त्याला घारीपासून कोणी राखलं? कण्या कोणी घातल्या? तेव्हा होतात कुठं तुम्ही?” तानूबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

“तेव्हाचं सोड, आत्ताचं बोल. दिवाळीला आठ कोंबड्या होत्या, आता पाच. माझा भाऊ राखणीला असला तर संक्रांतीला खुराड्यात नुसता वास उरेल. मी सगळ्या माझ्या घरी नेते.”

यावर तानूबाईचे हात कमरेवरून खाली आले. कारण ते खरं होतं. भांडणात खोट्याला उत्तर देता येतं, खऱ्याला काय कपाळ देणार?

आठाच्या पाच कशा झाल्या, ते आधी ऐका. भांडण कुठं पळून जात नाही.

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव लिंबाजी. भोळा म्हणायचं, कारण पुरुष होता. बाई असती तर गावानं सरळ बावळट म्हटलं असतं. अंगानं दांडगा. ज्वारीचं भरलं पोतं एकटा उचलायचा. डोक्यानं मात्र कधी काही उचललं नाही. पण ऐकण्यात एक नंबर! बायकोनं सांगितलेला शब्द खाली पडू देत नसे. असा ऐकणारा नवरा मिळावा म्हणून बायका सोळा सोमवार करतात. करा बापड्या.

लिंबाजीची बायको तानूबाई. तिच्या परसात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. घरावरचा पत्रा अंड्यांवर आलेला. दारातली शेळीसुद्धा अंड्यातूनच निघाली, असं ती म्हणायची. तानूबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची. लिंबाजीला कोणी कामाला बोलावत नसे, म्हणून तो कोंबड्या राखायचा.

एके दिवशी निघताना तानूबाई म्हणाली, “कवडी अंड्यांवर बसलीय. खुराड्यापाशी आवाज करू नका. चवड्यावर चाला. बोलायचंच झालं तर हळू बोला.”

“बरं,” लिंबाजी म्हणाला.

दुपारी मुंगूस आलं. तेही चवड्यावर. लिंबाजीला बरं वाटलं. ‘शहाणं आहे, सांगावं लागलं नाही.’ मुंगूस खुराड्यात शिरलं. आत पांढरी कोंबडी किंचाळली. लिंबाजीनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू गं. कवडी बसलीय ना!”

मुंगसानं पांढरी ओढत नेली. लिंबाजी चवड्यावर चालत बाजूला झाला आणि त्याला वाट दिली.

सांजेला तानूबाईनं कपाळावर हात मारला. “अहो, खुराड्यापाशी परकं कोणी दिसलं की ताट बडवायचं! बोंब मारायची! दगड घेऊन मागं लागायचं!”

“हात्तिच्या! मग तसं सांगायचं. उद्या तस्संच करतो.”

आणि केलं.

त्या दिवसांत गावातल्या कोंबड्यांना मानमोडी लागली होती. धडधाकट कोंबडी सकाळी मान वाकडी करायची आणि सांजेला मरायची. तानूबाईनं चार हेलपाटे घालून गुरांच्या डॉक्टरला लस टोचायला बोलावलं होतं. डॉक्टर आला. पेटी घेऊन थेट खुराड्यापाशी गेला. लिंबाजीनं नीट बघून घेतलं. परकं? परकंच. मग ताट बडवलं, बोंब मारली आणि दगड उचलला. डॉक्टर शिकलेला माणूस. त्यानं विचारपूस केली नाही, निवडुंगाच्या कुंपणातून गेला. त्याची एक चप्पल अजून तिथंच आहे.

तानूबाईनं पुन्हा कपाळावर हात मारला. “अहो, असा माणूस परसात आला की बसायला पाट द्यायचा. गूळ-पाणी द्यायचं. हातातलं ओझं आपण धरायचं. त्याचा मान ठेवायचा!”

“हात्तिच्या! मग तसं सांगायचं. उद्या तस्संच करतो.”

आणि केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या गडग्यावरून एक माणूस उतरला. खुराड्यात हात घातला. तीन काखेत मावेनात, म्हणून दोनच उचलल्या. वळून बघतो तर लिंबाजी समोर, पाट मांडून उभा.

“बसा की! आल्या आल्या निघालात?”

चोर पळणार होता. पण इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याला कोणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. तो बसला.

“ओझं द्या इकडं, अवघडला असाल,” असं म्हणून लिंबाजीनं दोन्ही कोंबड्या धरल्या. चोरानं गुळाचा खडा खाल्ला, तांब्याभर पाणी प्याला आणि आणखी एक खडा मागितला. निघताना लिंबाजीनं त्याच्या कोंबड्या त्याला परत दिल्या. विसरून जाईल बिचारा! वर वेशीपर्यंत पोचवून आला.

अशा आठाच्या पाच झाल्या.

या खेपेला तानूबाईनं कपाळावर हात मारला नाही. कपाळ तरी किती पुरणार? आणि त्याच आठवड्यात तांबडी खुडूक बसली. खाली अंडं नाही, काही नाही, नुसती रिकाम्या जागेवर ठाण मांडून.

तानूबाईनं नवऱ्याला समोर बसवलं आणि लहान पोराला शिकवावं तसं शिकवलं. “ऐका. कोंबडी खुडूक बसली की दाणा खात नाही. जागची हलत नाही. अंग फुलवून कुरकुरत बसते. जवळ गेलं की टोचते. तिला रागवायचं नाही, मारायचं नाही. धरायची आणि हौदात तीनदा बुचकळायची. उठते आणि दाण्याला लागते.”

“आणि तरी बसूनच राहिली तर?”

“तर तिच्या नाकात पीस घालायचं. त्यानं उठतेच.”

लिंबाजीनं तांबडीला तीनदा बुचकळलं. तांबडी पंख झाडत उठली, दाण्याला लागली, चार दिवसांनी अंडंही दिलं. लिंबाजीच्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी बरोबर झालं होतं. तानूबाई म्हणाली, “शाबास!” झालं. लिंबाजीनं तो धडा काळजात ठेवला.

आता या भांडणाकडे. लिंबाजीची थोरली बहीण भागूआक्का दोन गावं ओलांडून भल्या सकाळी आली होती, डालगं घेऊनच. तानूबाईचे हात खाली आले तसा तिला जोर चढला. खुराड्याच्या दारापुढं तिनं बसकण मारली.

“पाचही कोंबड्या या डालग्यात घालशील, तेव्हाच उठेन. तोवर अन्नाला शिवणार नाही!”

“वन्सं, असं करू नका. त्या गेल्या तर माझ्या परसात राहिलं काय?”

“माझा भाऊ राहिला. त्याला राख.”

तानूबाईनं भाकरी आणून ठेवली. भागूआक्कानं ताट सरकवलं. तानूबाई दंडाला धरून उठवायला गेली, तर भागूआक्कानं तिच्या हाताला असा चिमटा काढला की वळ उठला. मग नऊवारी लुगडं चहूकडं फुलवून ती बसली ती बसली. कुरकुर, कुरकुर. दुपार झाली. आतल्या कोंबड्यांना बाहेर येता येईना.

एवढ्यात लिंबाजी शेळीला पाला घेऊन आला. बहिणीकडे बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. पाला खाली ठेवला.

“अगं, आक्कानं काही खाल्लं का?”

“नाही,” तानूबाई म्हणाली.

“जागची हलली?”

“सकाळपासून नाही.”

“जवळ गेलं तर?”

तानूबाईनं हातावरचा वळ दाखवला. आणि दाखवता दाखवता तिच्या सगळं ध्यानात आलं. तिनं नवऱ्याला थांबवायला तोंड उघडलं. खुराड्याकडे बघितलं. पाच चोची फटींतून बाहेर डोकावत होत्या. तानूबाईनं तोंड मिटलं.

“लिंबा, काय करतोस? अरे लिंबा! सोड मला!”

“आक्का, रागवायचं नाही, मारायचं नाही, सगळं ठाऊक आहे मला,” लिंबाजी मायेनं म्हणाला. त्यानं भागूआक्काला ज्वारीच्या पोत्यासारखं उचललं आणि हौदात बुचकळलं.

एकदा. दोनदा. तीनदा.

मग अलगद काठावर ठेवली. भागूआक्काच्या अंगावरून पाणी गळत होतं. दम लागला होता. ती जरा टेकली. टेकली तिथंच तिचं चुकलं.

“अजून बसलीच की गं ही!” लिंबाजी काळजीनं म्हणाला. खाली वाकून त्यानं कोंबड्याच्या शेपटीचं एक लांबलचक पीस उचललं, फुंकर मारून साफ केलं आणि बहिणीच्या नाकाचा अंदाज घेतला.

भागूआक्कानंही जन्मभर कोंबड्या पाळल्या होत्या. पीस बघताच ती ताडकन उठली आणि ओरडली, “तानू, कोंबड्या तुझ्या! मला भाकरी वाढ!”