पंगतीतला 'हं'

सन १९६१, वैशाखातला पहिला पंधरवडा. ओढ्याकाठच्या एका गावात सात पंचांची ग्रामपंचायत होती. तेव्हा गावचा निर्णय चावडीपुढे, उघड्यावर होई. आदल्या दिवशी दवंडी फिरे. ज्याला बोलायचं, तो उभा राहून बोले. तसं गाव आता दिसत नाही.

रंगराव बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. पळसाच्या पत्रावळी, द्रोणात आमटी, टोपल्या भरून बुंदी. सरपंच गणोजी आणि आणखी तीन पंच एका पंगतीत शेजारी शेजारी बसले. रंगराव स्वतः वाढायला आला.

"सरपंच, ओढ्याकाठची ती मातीची जागा मला गोठ्याला द्या की."

गणोजींचं तोंड भरलेलं. ते म्हणाले, "हं." शेजारचे तिघेही म्हणाले, "हं."

त्याच मातीवर धोंडाबाई कुंभारणीचं चाक फिरत होतं. लग्नाचे रांजण तिनेच दिले होते. ती पंगतीमागे पाणी भरत होती. तिने चारही 'हं' ऐकले.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे सभा भरली. जागेचा विषय निघाला. लगेच चार हात वर झाले. धोंडाबाई उभी राहिली.

"मला बोलायचंय."

"ठरलं की आता, मावशी. सगळ्यांदेखत ठरलं," गणोजी म्हणाले.

"हात इथं वर झाले, सरपंच. ठरलं काल, बुंदी खाताना. तिथं माझ्या हातात घागर होती, बोलू कशी? माझं बोलणं तुमच्याकडं राहिलंय. ते परत द्या."

कोणी हसलं नाही. गणोजींनी मान खाली घातली.

"खरंय. तो 'हं' जेवणाचा होता. गावाचा नव्हता."

त्यांनी ठराव तिथेच रद्द केला. वर नियम घातला की, पंगतीत दोन पंचांनी शेजारी बसायचं नाही. पुढं कितीतरी वर्षं वाढपी हाळी देत, "पंच आले रे, मधी माणूस बसवा!" सगळी पंगत हसे. पंचही हसत.

आठव्या दिवशी पुन्हा दवंडी देऊन सभा भरली.

"मावशी, आधी तू," गणोजी म्हणाले.

धोंडाबाई मनात होतं ते सगळं बोलली. मग रंगराव बोलला. मग हात वर झाले. माती चाकाकडेच राहिली आणि पंचांकडं राहिलेलं धोंडाबाईचं देणं फिटलं.

तात्पर्य: गावाचं काम गावासमोर बोलावं; पंगतीत दिलेला होकार पत्रावळीबरोबर उचलून टाकावा.